आईचं दहन केलं, तर जगाच्या शेवटच्या दिवशी ती उठेल का?

तुम्ही विचारलंय, आईने दहनाची इच्छा सांगून ठेवलीय, पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, सिमेट्रीत तसंही काही वर्षांनी कबर उघडून हाडं काढतात, मग देहच उरला नाही तर पुनरुत्थान कशाचं?

उठेल. ही शंका फार जुनी आहे. इ.स. 177 मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत टाकली, ती याच हेतूने, की यांना पुन्हा उठण्याची आशाच राहू नये. ख्रिस्तसभेची आशा तेव्हाही डळमळली नाही, कारण ती हाडं शाबूत राहण्यावर कधी टेकलेलीच नव्हती. ज्याने मातीतून माणूस घडवला, त्याला राखेचं काय अवघड?

प्रेषित पौलाने बायबलमधल्या 1 करिंथ 15 मध्ये बी आणि रोपाचं उदाहरण दिलंय: पेरतो एक, उगवतं वेगळ्या रूपाचं, पण त्याच बियाचं. उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांचे वण होते, त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, आणि दारं बंद असतानाही तो आत आला. माणूस तोच, देह पालटलेला. म्हणून ‘आईचा आत्मा स्वर्गात गेला’ एवढ्यावर आपली श्रद्धा संपत नाही. दर रविवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, आपण मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो असं म्हणतो, ते देहासकट.

कॅथलिक नियमही स्पष्ट आहे. दहनावर 1886 मध्ये बंदी आली होती, ती 1963 मध्ये उठली. आज दफनाला पसंती आहे, पण श्रद्धा नाकारण्यासाठी केलं नसेल तर दहनाला मनाई नाही. व्हॅटिकनच्या 2016 च्या सूचनेप्रमाणे राख पवित्र जागी ठेवायची; समुद्रात, वाऱ्यावर किंवा जमिनीवर सोडायची नाही. 2023 मध्ये एवढी मुभा मिळाली की थोडासा अंश मृत व्यक्तीच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागी ठेवण्याची विनंती धर्माधिकाऱ्यांकडे करता येते.

मुंबईत घोटाळा होतो तो इथेच. दहनानंतर कोणीतरी सुचवतं, चौपाटीवर जाऊन येऊ. किंवा कलश घरच्या अल्तारवर (देव्हाऱ्यात) वर्षानुवर्षं राहतो. म्हणून आईची इच्छा आत्ताच लिहून घ्या आणि फादरना सांगा. शक्यतो मिस्सा देहासमोर व्हावी आणि मग महापालिकेच्या विद्युतदाहिनीत न्यावं. बाप्तिस्मा आणि कम्युनियन घेतलेल्या देहाला शेवटचं पवित्र पाणी आणि धूप मिळावा, हे त्यामागचं कारण. नीशची, म्हणजे राख किंवा हाडं ठेवायच्या भिंतीतल्या कोनाड्याची, चौकशी आधीच करा. मुदत, फी आणि कोणाला मिळतो, हे प्रत्येक पॅरिशचं वेगळं असतं.

आईने मन बदललं आणि दफन ठरलं, तर सुती कपडे घाला. नायलॉनची साडी, शवपेटीतलं प्लॅस्टिकचं अस्तर, जाड पॉलिश केलेलं लाकूड टाळा. प्लॅस्टिकमुळे हवा आणि मातीतले जीव देहापर्यंत पोचत नाहीत, विघटन रखडतं. कबर उघडल्यावर देह तसाच निघतो, ती पुन्हा बुजवावी लागते आणि पुढचं कुटुंब जागेसाठी खोळंबतं. एम्बामिंगनेही, म्हणजे रसायनं भरून देह टिकवल्यानेही, हेच होतं. परदेशातून कोणी यायचं असेल तर एक-दोन दिवसांसाठी शवागार पुरतं. पॅरिश परवानगी देत असेल तर शवपेटीऐवजी नुसत्या सुती कफनात दफन करा, मला तेच सगळ्यात योग्य वाटतं.

कबर उघडतील तेव्हा घरचं कोणीतरी हजर राहा आणि प्रार्थना म्हणा. हाडं नीशमध्ये किंवा सामाईक अस्थिकुंडात ठेवणं हा अनादर नाही, जागा कमी असलेल्या ठिकाणी ख्रिस्ती लोक शतकानुशतकं हेच करत आलेत. नातेवाईकांत कोणी प्रोटेस्टंट असेल तर त्यांच्या पाळकांना वेगळं विचारा, राखेबाबतचे वरचे नियम कॅथलिकांचे आहेत.