पारदर्शक सौरकाच घेण्याआधी

सौरकाच म्हणजे उजेडापासून वीज बनवणारी काच. तिच्यावर छोटा बिनतारी सेन्सर चालवायचा असेल तर आधी ती कुठली प्रकाशकिरणे शोषते ते विचारा. पूर्ण पारदर्शक काच दिसणारा उजेड आरपार सोडते आणि अतिनील-अवरक्त किरणांवर चालते. एलईडी दिव्यात हे किरण जवळजवळ नसतातच, त्यामुळे घरातल्या टेबलावर ती जवळपास निकामी. उष्णता परतवणाऱ्या लेपाच्या खिडकीआडही तिचा बराच अवरक्त घास आधीच गेलेला असतो. घरातच वापरायची तर अर्धपारदर्शक अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या) सिलिकॉनची काच घ्या. जरा तांबूस दिसते, पण काम देते.

आता साठवण. १ फॅरडचा सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी वीज साठवणारा मोठ्या क्षमतेचा कपॅसिटर) ४.२ वरून २.५ व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे ५.७ ज्यूल देतो. सेन्सर सरासरी १५ मायक्रोअँपिअर खात असेल तर रात्र आरामात निघते, गळती धरूनही. मात्र नाण्याच्या आकाराच्या सुपरकपॅसिटरचा अंतर्गत रोध ३० ओहमपर्यंत असू शकतो. वायफाय मॉड्यूल प्रक्षेपण करताना ३०० मिलिअँपिअर मागते. एवढ्या रोधातून ते देताना व्होल्टेज कोसळते, मॉड्यूलची चिप रीसेट होते, पुन्हा सुरू होताना पुन्हा कोसळते. लोक उगाच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात! वायफायऐवजी ब्लूटूथ लो एनर्जी (कमी वीज खाणारे ब्लूटूथ) वापरा आणि शेजारी १०० मायक्रोफॅरडचा कमी रोधाचा कपॅसिटर जोडा.

काचेच्या विजेने सुपरकपॅसिटर भरायला बीक्यू२५५७० ही चार्जिंग चिप चालेल. साठवण पूर्ण रिकामी असेल तर या चिपला सुरू व्हायला काचेकडून सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, एकदा सुरू झाली की ०.१ वरही चालते. म्हणून पहिल्यांदा सुपरकपॅसिटर बाहेरून भरूनच बसवा.