कंबर फिरते, तरी चेंडू उजवीकडेच

प्रश्न : वय 54, राहायला सीवूड्सला. खारघरच्या गोल्फ कोर्सवर खेळतो. 7 नंबरचं आयर्न (मधल्या अंतराची काठी) बरं लागतं, पण ड्रायव्हर (सर्वात लांब मारायची काठी) घेतला की चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळतो. डाउनस्विंगला, म्हणजे काठी खाली आणताना, कंबर जोरात फिरवा, असं सगळे सांगतात. ते करायला लागल्यापासून हे उजवीकडे वळणं, म्हणजे स्लाइस, वाढलंय. ड्रायव्हर बदलू का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : पैसे राहू द्या खिशात. तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरतो. सांगणाऱ्यांनी तुम्हाला पहिली पायरी गाळून थेट दुसरी सांगितली.

बॅकस्विंग, म्हणजे क्लब (काठी) मागे-वर नेणं, संपता संपता वजन उजव्या पायावर असतं. तिथेच कंबर गर्रकन फिरवली की खांदेही उघडतात आणि क्लब बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून तुमच्याकडे, येतो. त्या मार्गाच्या मानाने फेस, म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग, उघडा (उजवीकडे वळलेला), की झाला स्लाइस. आयर्नचा लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) जास्त, म्हणून तिथे दोष झाकला जातो. ड्रायव्हर काही झाकत नाही.

आधी वजन डाव्या पायावर, मग कंबर, मग खांदे, हात आणि सगळ्यात शेवटी क्लब. सीमारेषेवरून थ्रो करताना पुढचा पाय टेकल्यावरच हात येतो ना, तसं. डाउनस्विंग जेमतेम पाव सेकंदाचा. त्यात विचार कसला करणार? सवय पायालाच लागायला हवी.

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) 7 नंबर घेऊन पाय जुळवून उभे राहा. क्लब वर जात असतानाच डावा पाय टार्गेटच्या दिशेने टाका आणि मारा, निम्म्याच जोराने. सुरुवातीला चेंडू टॉप होतील (क्लब चेंडूच्या वरच्या भागाला लागेल), शेजारचे बघतील. बघू देत. पाठ टार्गेटकडे जरा जास्त वेळ राहिल्यासारखी वाटली की समजा जमतंय. मग ड्रायव्हर घ्या आणि चेंडूच्या पलीकडे, टार्गेटपासून किंचित मागे, पुठ्ठ्याचा रिकामा खोका ठेवा. खोका उडाला तर क्लब अजून बाहेरूनच येतोय.

आयर्नचा डिव्हट, म्हणजे फटक्याने गवत-माती उडून पडलेला चर, तोही बघत जा; पावसाळ्यात माती मऊ असते, छान उमटतो. त्याचं तोंड टार्गेटच्या डावीकडे असेल, तर आयर्नही तितकं निर्दोष नाही.

मार्ग सुधारला की काही दिवस चेंडू न वळता थेट उजवीकडे जाईल. तेव्हा पुन्हा कंबरेमागे लागू नका, डाव्या हाताची ग्रिप तपासा. वरून पाहताना बोटांचे निदान दोन सांधे दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल, तर हात थोडा उजवीकडे वळवून धरा.