इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात काउन्सिल टॅक्स आणि बाकीची बिलं कोणी भरायची?

सप्टेंबरमध्ये तुम्ही नोकरीसाठी पुण्याहून रेडिंगला एकटे येताय, दिवाळीनंतर बायको आणि सात वर्षांची मुलगी येणार, आणि एजंटने 'भाड्यात बिलं धरलेली नाहीत' एवढंच सांगितलंय. घरपट्टी तर मालकच भरतो ना, असं तुम्ही विचारलंय.

आपल्याकडे भरतो, इथे नाही. इथे घरपट्टीच्या जागी काउन्सिल टॅक्स असतो, तो काउन्सिल म्हणजे इथली नगरपालिका घेते. घर कोणाचं आहे यापेक्षा त्यात राहतं कोण, हे काउन्सिल बघतं. अख्खा फ्लॅट भाड्याने घेतला की टॅक्स तुमचा. (एकेका खोलीचा वेगळा करार असलेल्या शेअरिंगच्या घरात मात्र तो सहसा मालकाच्या माथी असतो.) मला हे ठाऊक नव्हतं. काउन्सिलकडून दोन पत्रं आली, पण त्यावर माझं नाव नव्हतं, नुसतं 'द ऑक्युपायर', म्हणजे 'घरात राहणारा'. न उघडताच रद्दीत टाकली. जानेवारीत मालकाचा फोन आला तेव्हा उजेड पडला, आणि सप्टेंबरपासूनचा सगळा टॅक्स मार्चच्या आत भरावा लागला. त्या थंडीत हीटर लावताना हात आखडायचा.

म्हणून किल्ली मिळाली की त्याच आठवड्यात काउन्सिलच्या वेबसाइटवर स्वतःहून नाव नोंदवा. कराराची तारीख आणि राहायला गेल्याची तारीख वेगळी असेल तर दोन्ही कळवा. सही करण्याआधी घराचा बँडही (टॅक्स किती ते ज्यावर ठरतं तो गट) बघून घ्या, सरकारी साइटवर पत्ता टाकला की दिसतो. ए ते एच असे आठ बँड आहेत, आणि ते १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरतात. इमारत परवा बांधलेली का असेना, तेव्हा असती तर किती किमतीची असती, असा तो अजब हिशेब.

घरात एकच प्रौढ व्यक्ती असेल तर २५ टक्के सूट मिळते, पण मागितली तरच. तुम्ही ती पहिल्या दिवसापासून मागा. बायको आली की २१ दिवसांच्या आत कळवा, त्या तारखेपासून सूट बंद होईल. मुलगी १८ च्या आतली, तिला मोजत नाहीत. व्हिसावर 'सरकारी मदत घेता येणार नाही' असं लिहिलेलं असतं म्हणून बरेच जण ही सूट मागायलाच घाबरतात. एकट्याची ही सूट त्या मदतीत मोडत नाही. कमी उत्पन्नावर मिळणारी काउन्सिल टॅक्स रिडक्शन मात्र मोडते, तिच्या वाटेला जाऊ नका.

टॅक्स साधारण एप्रिल ते जानेवारी अशा १० हप्त्यांत घेतात. सांगितलं तर १२ करून देतात. हप्ता चुकला तर आधी सात दिवसांची आठवण येते, तरी भरला नाही तर वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम मागतात आणि पुढे कोर्टाचं समन्स, त्याचा खर्चही आपल्याच डोक्यावर. बँक खातं उघडलं की डायरेक्ट डेबिट लावून टाका, म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप जाईल.

आता गॅस आणि लाईट. घरात शिरल्यावर बॅगा नंतर उघडा, आधी दोन्ही मीटरचे फोटो काढा. जी कंपनी आधीपासून पुरवठा करते तीच तुमच्या नावावर आपोआप चालू राहते. तिचं नाव एजंटकडून घ्या, फोन करून रीडिंग द्या. नाहीतर बिल अंदाजाने येतं आणि आधीच्या भाडेकरूने जाळलेला गॅस तुमच्या खात्यात चढतो. कंपनी नंतर बदलता येते. मीटर प्रीपेड असेल तर पहिला टॉप-अप करण्याआधीच फोन करा, कारण जुन्या माणसाची थकबाकी तुमच्या पैशांतून वळती होऊ शकते.

पाण्याची कंपनी भागानुसार ठरलेली, निवडीचा प्रश्नच नाही. फक्त नाव नोंदवायचं. टीव्ही लायसन्स (टीव्ही बघण्याचा परवाना) लाइव्ह टीव्ही किंवा बीबीसी आयप्लेयर हे बीबीसीचं ॲप बघणार असाल तरच. नेटफ्लिक्सवर लाइव्ह कार्यक्रम सोडून बाकीचंच बघत असाल तर लागत नाही. धमकीवजा पत्रं येतील, तेव्हा टीव्ही लायसन्सच्या साइटवर 'गरज नाही' असं कळवून टाका.