प्रशिक्षण झालं, सातवीचा वर्ग तसाच

प्रश्न : बाई, मी तासगाव तालुक्यात सातवीला गणित शिकवते. पट 41. दिवाळीनंतर वर्ग व्यवस्थापनाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. आवाज चढवू नका, नियम मुलांनाच ठरवू द्या, कौतुक करा. ऐकताना पटलं. सोमवारी वर्गात गेले आणि सगळं मुसळ केरात. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, “काय मॅडम, टाळ्या वाजवायला शिकून आलात?” आता सकाळी शाळेत जायचंच जिवावर येतं. कुठं चुकतंय?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, तुम्ही एका सोमवारी हरलात, मी कोरेगाव तालुक्यात पहिली तीन वर्षं रोज हरत होते. तेव्हा छडी हाताशी असायची आणि मी ती वापरलीही, लपवत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली, बरंच झालं. पण छडीच्या जागी काय, हे बऱ्याच जणांना कुणी शिकवलंच नाही.

जेकब कूनिन या अमेरिकन अभ्यासकानं वर्गांचं चित्रीकरण तपासून 1970 मध्ये पुस्तक लिहिलं. खोडी झाल्यावर बाई कशा दटावतात, यानं फारसा फरक पडत नव्हता. बाईंचं लक्ष चौफेर आहे असं मुलांना वाटणं आणि तास न अडखळता चालणं, यानं पडत होता.

माझा तास हजेरीत अडखळायचा. मान खाली, हजेरीपटात बोट, आणि चार मिनिटांत वर्ग हातचा गेलेला. हे मला दिसलंच नव्हतं. शेजारच्या वर्गाच्या बाई एकदा मागच्या बाकावर बसल्या, त्यांनी सांगितलं. मग घंटेआधीच फळ्यावर एक उदाहरण लिहून ठेवायला लागले. मुलं ते सोडवायची, मी मागं उभी राहून रिकामे बाक बघत हजेरी मांडायची. महिनाभरानं एकदा मला यायला उशीर झाला, तर मॉनिटरनंच फळ्यावर उदाहरण घातलेलं. तेही चुकीचं! अख्खा वर्ग त्यावर भांडत होता. तसला गोंगाट मला चालतो.

तेव्हा प्रशिक्षणातलं एकच काहीतरी उचला, पंधरा दिवस करा. नियम-बियम नंतर. टाळ्यांचा टोमणा मारणाऱ्या सरांनाच दहा मिनिटं मागं बसायला बोलवा. तुमचा तास कुठं सांडतो एवढंच त्यांनी बघायचं, शेरा मारायचा नाही. मग तुम्ही त्यांच्या वर्गात बसा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला 50 तास धरलेत. त्यातले काही असे खऱ्या वर्गात जावेत, असं आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत उभं राहून मागा.

आणि मुख्याध्यापकांना सांगा, नोटीसवही तास चालू असताना फिरवू नका. मी सांगितलं तेव्हा आमचे सर आठवडाभर बोलले नाहीत. पण वही मधल्या सुट्टीत यायला लागली.