रिमवर्ल्ड : पहिल्या वर्षाच्या शंका

परक्या ग्रहावर वस्ती टिकवण्याच्या रिमवर्ल्ड या संगणक-खेळाबद्दल येणाऱ्या प्रश्नांत नवं फार थोडं असतं. यान फुटलं, तीन माणसं परक्या ग्रहावर उतरली आणि वर्षाच्या आत त्यांची वस्ती, म्हणजे कॉलनी, बुडाली. मग विचारणा येते, चुकलं कुठे? बहुतेकांचं त्याच चार-पाच ठिकाणी चुकतं, म्हणून या खेपेला तेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं मूळ खेळाची आणि ‘क्रॅशलँडेड’ या नेहमीच्या सुरुवातीची आहेत. तुम्ही ढीगभर मॉड (इतर खेळाडूंनी केलेले फेरफार) घातले असतील, तर आधी ते काढून पाहा आणि मग विचारा.

प्रश्न : पहिल्यांदाच खेळतोय. स्टोरीटेलर कोणता घेऊ? मित्र म्हणतो, रँडीशिवाय मजा नाही.

स्टोरीटेलर म्हणजे कोणतं संकट कधी पाठवायचं ते ठरवणारा. फीबी किंवा कॅसँड्रा घ्या, आणि काठिण्य ‘अ‍ॅडव्हेंचर स्टोरी’. काहीही कधीही पाठवणारा रँडी मित्राला लखलाभ.

प्रश्न : फोनवर फुकट खेळता येईल अशी लिंक मिळाली आहे. डाउनलोड करू का?

अजिबात नको. या खेळाची अधिकृत मोबाइल आवृत्ती नाही. त्या नावाने जे काही उतरेल, त्याला तुमच्या कॉलनीतल्या तांदळात नव्हे, तुमच्या फोनमधल्या परवानग्यांत रस असेल. उतरवून झालं असेल तर काढून टाका आणि फोन जाणकाराला दाखवा.

प्रश्न : सेलमध्ये सगळे विस्तार (खेळाचे वेगळे विकत मिळणारे जोडभाग) एकत्र स्वस्त मिळतायत. आत्ताच घेतले तर फायदा ना?

विकणाऱ्याचा. 2020 च्या रॉयल्टीपासून 2025 च्या ओडिसीपर्यंत पाच मोठे विस्तार झाले, आणि त्यातला एकही तुमची पहिली कॉलनी वाचवत नाही. उलट सरदारकी, धर्म, जनुकं असे नवे ताप डोक्याला लागतात. ‘शेवटचे काही तास’ वाचून घाई करू नका, सेल पुन्हा लागतोच. मूळ खेळात एक कॉलनी दोन वर्षं टिकवा. मग कोणता विस्तार घ्यायचा हे ज्याने तो खेळला आहे त्याला विचारा. जाहिरातीला विचारू नका.

प्रश्न : तांदूळ लावावा, बटाटा की मका? तीन जण तीन गोष्टी सांगतात. गेल्या खेपेला मका लावला आणि हिवाळ्यात सगळे उपाशी मेले.

तिघांनीही तुमची जमीन पाहिलेली नाही, मीही नाही. जमिनीवर माउस नेला की कोपऱ्यात सुपीकता दिसते, ती आधी वाचा. तांदूळ सर्वांत लवकर येतो, चांगल्या जमिनीत साधारण साडेपाच दिवसांत. पण त्याच्या पेरणी-कापणीत माणूस सतत अडकतो. बटाटा निकस, खडकाळ जमिनीतही बऱ्यापैकी निभावतो. मक्याला मजूर कमी लागतात, पण तो तांदळाच्या जवळजवळ चौपट वेळ घेतो आणि मध्येच थंडी पडली की उभं पीक जातं. तुमचं तेच झालं असणार. या ग्रहाचं वर्ष 60 दिवसांचं, पंधरा-पंधरा दिवसांच्या चार भागांचं. हंगामाचे वीस दिवस उरले असताना मका लावणं हा जुगार आहे.

उतरल्या दिवशीच तांदूळ पेरा. सोबत येणारी 50 पाकीटबंद जेवणं तिघांना आठ-नऊ दिवस पुरतात. ती नासत नाहीत, म्हणून शेत हाताशी येताच उरलेली राखून ठेवा. शेत किती मोठं हवं याचा आकडा मी देणार नाही, तो हंगामावर ठरतो. उतरण्याची जागा निवडताना पिकांचा काळ किती दिवसांचा ते तिथेच लिहिलेलं असतं. ते न वाचता बर्फात उतरलेल्यांनी मला पत्र लिहू नये.

प्रश्न : फ्रीझर बांधला तरी मांस सडतं, आणि माणसांना सारखी अन्नविषबाधा होते. स्वयंपाकी बदलू का?

दोन वेगळी दुखणी आहेत. कूलरची निळी बाजू खोलीच्या आत आणि लाल बाजू बाहेर उघड्यावर हवी. लाल बाजू शेजारच्या बंद खोलीत सोडली, तर ती खोली भट्टी होते आणि कूलर हरतो. तापमानही शून्याखाली तुम्हीच न्यायचं असतं. बसवल्याबरोबर तो 21 अंशांवर असतो, हे निम्म्या तक्रारींचं मूळ.

विषबाधेचं म्हणाल, तर खाटकाचं टेबल चुलीच्या खोलीत आहे ना? त्या टेबलाची स्वतःचीच स्वच्छता उणे 15 आहे, वर रक्त सांडतं ते निराळं. टेबल दुसऱ्या खोलीत हलवा, स्वयंपाकघराला फरशी घाला, झाडणाऱ्याचं काम अग्रक्रमात वर घ्या. एवढं करूनही थांबलं नाही, तर स्वयंपाक्याचं कौशल्य पाहा. कच्चा स्वयंपाकी चकचकीत खोलीतही लोकांना आजारी पाडतो.

प्रश्न : डोंगर पोखरून आत राहिलं की कोणी येत नाही, हे खरं का?

अर्धवट खरं. जाड डोंगराच्या छतातून ड्रॉप पॉड (हल्लेखोरांना आकाशातून उतरवणाऱ्या कुप्या) येत नाहीत, पण त्याच छताखाली हल्ला करणारे मोठे किडे निघतात. पहिल्या कॉलनीत नको.

प्रश्न : दुसरं वर्ष चालू आहे. पाच माणसं, संगमरवरी फरशी, सोन्याचे आणि जेडचे पुतळे, कोठारात चांदी. तरी प्रत्येक रेड, म्हणजे हल्ला, आधीपेक्षा मोठी. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे पहिल्याच दिवसापासून किलबॉक्स (हल्लेखोरांना एका वाटेने आणून टिपायचा सापळा) बांधायला घेतला होता. खेळ माझ्यावर डूख धरून आहे का?

डूख नाही, हिशेब आहे. हा हिशेब मी कितीदा लिहिला असेल, तरी पत्रं येतच राहतात, म्हणून पुन्हा सविस्तर लिहितो.

रेड केवढी यायची हे खेळ गुणांवर ठरवतो, आणि त्या गुणांसाठी तुमची मालमत्ता मोजतो. कोठारातली प्रत्येक वस्तू पूर्ण किमतीने, बांधकाम अर्ध्या किमतीने, शिवाय माणसं आणि जनावरं. मालमत्ता 14,000 पर्यंत असेल तर तिच्यापोटी हल्लेखोरांना एकही गुण मिळत नाही. तिथून गुण वाढत जातात आणि चार लाखांना 2,400 होतात. एक सेंटिपीड (अवजड लढाऊ यंत्र) 400 गुणांचा असतो. म्हणजे निव्वळ श्रीमंतीच्या जोरावर सहा सेंटिपीड दारात. माणसांच्या संख्येचे गुण वेगळे, काठिण्याचा गुणाकार त्यावर.

आता तुमची यादी पाहा. पुतळा गोळी झाडत नाही. फरशी आड घ्यायला येत नाही. खडकात असेपर्यंत सोनं हिशेबात नव्हतं, ते तुम्ही हौसेने खणून काढलंत. मेलेल्या हल्लेखोरांच्या बंदुका उचलून कोठारात रचल्या असतील, तर त्याही मोजल्या जातायत. आणि पत्रात तुमच्या माणसांच्या हातात काय आहे, हे एका शब्दानेही लिहिलेलं नाही! बहुधा सुरुवातीची रायफल, रिव्हॉल्व्हर आणि बाकीच्यांकडे धनुष्यं.

पुतळे करूच नका असं मी म्हणत नाही, मूड त्यांनीच सांभाळला जातो. म्हणणं क्रमाचं आहे. आधी प्रत्येकाला नीट चालवता येईल असं हत्यार, अंगावर चिलखत, वाळूच्या पोत्यांची आड, दगडी भिंती (लाकडी जळतात) आणि हाताशी औषध असलेला डॉक्टर. मग शोभा. जास्तीची चांदी साठवू नका, व्यापारी आला की तिचं औषध आणि शस्त्र करा.

किलबॉक्सबद्दल व्हिडिओवाले जे सांगतात, ते त्यांच्या पाचव्या वर्षाच्या कॉलनीचं असतं. पहिल्या दिवशी तुमच्याकडे 450 पोलाद आणि 30 कंपोनंट (यंत्रांचे सुटे भाग) असतात. ते टरेटमध्ये, म्हणजे आपोआप झाडणाऱ्या तोफांमध्ये, घातले तर कूलर, चूल, जनरेटर कशातून करणार? शिवाय सॅपर नावाचे हल्लेखोर भिंत खणून भलत्या बाजूने येतात आणि ड्रॉप पॉड थेट अंगणात. तुमच्या सापळ्यातून चालत यायला त्यांना कोणी बांधून घातलेलं नाही.

खेळातल्या ‘हिस्टरी’ टॅबमध्ये मालमत्तेचा आलेख आहे, दर पंधरा दिवसांनी उघडा. तो चढतोय आणि शस्त्रागार आहे तिथेच आहे असं दिसलं, की फरशीचं काम थांबवा. तुमच्या कॉलनीत नेमकं काय विकायचं, हे आलेख न पाहता सांगणं बेजबाबदारपणाचं ठरेल. आलेख आणि पाचही माणसांच्या गिअरचे (हत्यारं-कपड्यांचे) स्क्रीनशॉट जाणत्या खेळाडूला दाखवा, पुढची रेड यायच्या आत.

प्रश्न : रेडमध्ये एकाला जखम झाली. छोटी वाटली म्हणून त्याला कामाला लावलं, आता इन्फेक्शन झालंय. काय करावं?

आधी स्पेस दाबून खेळ थांबवा. हे तेव्हाच करायला हवं होतं. जखम छोटी की मोठी हे नजरेने ठरवायचं नसतं, ‘हेल्थ’ टॅबमध्ये लिहिलेलं असतं. तिथे आता दोन आकडे शेजारी दिसतील, इन्फेक्शनची तीव्रता आणि प्रतिकारशक्ती. आधी 100 टक्क्यांना कोण पोचतं, त्यावर माणूस जगणार की नाही ते ठरतं. त्याला स्वच्छ खोलीत झोपवून ठेवा, सर्वांत चांगल्या डॉक्टरला बाकीची कामं बंद करा, वनौषधीवर न भागवता सोबत आणलेलं औषध वापरू द्या आणि मलमपट्टीची वेळ चुकू देऊ नका. हातापायाचं इन्फेक्शन असेल आणि तीव्रता पुढे पळत असेल, तर अवयव कापणं हा मार्ग उरतो. धडाचं असेल तर तोही नाही. दोन्ही आकडे कळल्याशिवाय कापा किंवा थांबा असं मी सांगणार नाही. ते घेऊन एखाद्या जुन्या खेळाडूला आजच विचारा, आणि तोवर खेळ थांबलेलाच राहू द्या.

प्रश्न : हरल्यावर जुनी सेव्ह उघडणं म्हणजे लबाडी का?

नाही. ‘कमिटमेंट मोड’ घेतला असेल तर मात्र ती सोयच नसते, म्हणून पहिल्या कॉलनीला तो घेऊ नका.