पुढच्याला धोका दिसला, मागून आपली माणसं येताहेत

या वेळी खान्देशातून आलेल्या पत्रांमध्ये घाट, नदी, पायवारी, शाळेची सहल असे वेगवेगळे प्रसंग आहेत. पेच मात्र सगळ्यांचा एकच आहे. धोका आधी पुढे असलेल्याला कळतो. त्याने स्वतः निसटावं, की मागच्यांना सांगायला थांबावं? म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : संभाजीनगरचं लग्न आटोपून रात्री पावसात चाळीसगावकडे येत होतो. पुढे आमची क्रूझर, वीसेक मिनिटं मागे वऱ्हाडाची बस. कन्नड घाट उतरताना एका वळणावर दरड पडायला लागली. आमची गाडी कशीबशी पार झाली. ड्रायव्हर म्हणाला, इथे मिनिटभरही थांबायचं नाही. सासरे म्हणाले, मागे बस आहे, गाडी थांबव. कोणाचं ऐकायला हवं होतं? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : आधी ड्रायव्हरचं आणि लगेच सासऱ्यांचं. दरडीखाली थांबायचं नाही हे खरं. पण घाट उतरून पायथ्याला चहा घेताना फोन करू, असंही चालत नाही. बस वीस मिनिटं मागे असेल, तर तुमच्याकडे जेमतेम दहा मिनिटं आहेत. बाकीची दहा तिच्या ड्रायव्हरला थांबायला जागा शोधण्यासाठी लागतात.

पहिला दगड पडला की उरलेला उतार सैल झालेला असतो. वरून बारीक खडी घरंगळत असेल, कड्यातून गढूळ पाणी फुटलं असेल किंवा झाडं रस्त्याकडे कललेली दिसली, तर आणखी माती येणार हे धरून चाला. तीन-चारशे मीटर पुढे, डोक्यावर कडा नाही अशा सरळ पट्ट्यात गाडी कडेला घ्या. चारही इंडिकेटर सुरू ठेवा. माणसं गाडीतून उतरवून रस्त्यापासून बाजूला उभी करा.

मग फोन. तो बसमधल्या मामांना किंवा नवरदेवाच्या भावाला करायचा नाही. ते झोपलेले असतात, आणि जागे झाले तर बसभर गलका होऊन ड्रायव्हरचं लक्ष उडतं. फोन थेट बसच्या ड्रायव्हरला किंवा क्लीनरला करायचा. त्यांचे नंबर निघतानाच घेतलेले हवेत. निरोपात ठिकाण, काय झालंय आणि काय करायचं, एवढंच असावं. उदाहरणार्थ, “भाऊ, अमुक किलोमीटरच्या दगडाजवळ डोंगराकडून दरड आलीये, अर्धा रस्ता बंद आहे. घाटात शिरू नका, वरच घाट सुरू व्हायच्या आधी थांबा.” समोरच्याकडून हेच परत म्हणवून घ्या. “सांभाळून या” हा निरोप नाही; त्याने ड्रायव्हर फक्त जरा हळू चालवतो आणि त्याच वळणावर येऊन पोहोचतो. बस घाटात शिरलेली असेल, तर अंधारात रिव्हर्स घेऊ नका असं सांगा. सरळ पट्ट्यात, कड्यापासून दूर थांबवा.

घाटात रेंज नसेल तर खालून वर येणारं वाहन हात करून थांबवा. त्यालाही दरडीची खबर हवीच असते. त्याने वर जाण्याचा धोका पत्करू नये. रेंज असलेल्या ठिकाणी परतून त्याने ११२ आणि महामार्गाच्या १०३३ या नंबरवर कळवावं, बसचा नंबरही त्याला लिहून द्या. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्रीच्या पावसात याच घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली, आणि खाली तितूर-डोंगरीच्या पुराने चाळीसगावात पाणी शिरलं. अशा रात्री पायथ्याचं गाव सुरक्षितच असेल, असंही धरता येत नाही.

बसला सावध करायला चालत दरड ओलांडून परत जाणं? नाही. तसं केलं तर कड्याखाली आणखी एक माणूस अडकतो, आणि त्याला शोधायला पुन्हा दोन.

प्रश्न : आमच्या गावची पन्नास-साठ माणसं चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जातात. ऊन टाळायला रात्री चालतो. तरणी पोरं मध्यरात्रीपर्यंत दोन-तीन किलोमीटर पुढे निघून जातात, बाया आणि म्हातारी माणसं मागे. पुढे काही धोका दिसला तर पोरांनी पळत मागे यावं का? – पायवारीचे एक आयोजक, धुळे तालुका

उत्तर : अंधारात महामार्गावर पळत मागे येणं हाच त्या रात्रीचा सगळ्यात मोठा धोका ठरू शकतो. थोडा हिशोब पाहा. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर अंतर कापते. ड्रायव्हरला काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे ३५ ते ४५ मीटर. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी किमान ३५-४० मीटर. भरलेल्या ट्रकला याहून जास्त. डिपरवर उजेड साधारण ५०-६० मीटर पडतो. गडद कपड्यातला माणूस त्यातही उशिरा दिसतो. म्हणजे तो दिसेपर्यंत गाडी थांबवायची वेळ गेलेली असते.

म्हणून तयारी गावातून निघतानाच करावी लागते. सगळ्यांत पुढे एक आणि सगळ्यांत मागे एक, अशी दोन जाणती माणसं नेमा. दोघांकडे बॅटरी, शिट्टी, चमकणारं जाकीट आणि चार्ज केलेला फोन. पुढच्याला ओलांडून कोणी जायचं नाही, मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही. मधल्या माणसांच्या पाठीला आणि पिशवीला चमकपट्टी चिकटवा. सायकलच्या दुकानात ती मिळते.

चालायची कड बदला, असं आम्ही आग्रहाने सांगतो. बहुतेक दिंड्या डाव्या कडेने, गाड्यांकडे पाठ करून चालतात. उजव्या कडेने, समोरून गाड्या येतील अशा बाजूला, डांबराच्या बाहेर एकामागे एक चालावं. तिथे गाडी आधी पुढच्या माणसाला दिसते, म्हणून मोठी बॅटरी त्याच्याच हातात हवी. उजेड जमिनीवर ठेवून हलवायचा, ड्रायव्हरच्या डोळ्यांत मारायचा नाही. डोळे दिपले की त्याला मागची रांग दिसत नाही. सोबतचा टेम्पो माणसांच्या चालीने डांबरावर रेंगाळू देऊ नका. त्याने पुढच्या मुक्कामाच्या जागी जाऊन थांबावं.

शिट्टीच्या खुणा दोनच ठेवा. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा. तीन आखूड म्हणजे रस्ता सोडून शेताकडे व्हा. जास्त खुणा ठरवल्या की ऐन वेळी कोणालाच आठवत नाहीत. रथावरच्या स्पीकरचा आवाज चालू असेल तर शिट्टीही ऐकू जात नाही आणि मागून येणारा हॉर्नही. सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत स्पीकर बंद ठेवावा. देवीची गाणी मुक्कामावर बसून म्हणता येतात.

पुढच्याला धोका दिसला, मग तो उलटलेला टँकर असो, तुटलेली वीजतार असो की सैरभैर जनावर, तर त्याने आधी रस्त्याबाहेर व्हावं, मग मागच्या जाणत्याला फोन करावा, आणि तिथेच थांबून राहावं. तुटलेल्या तारेपासून निदान दहा मीटर लांब, जमीन ओली असेल तर आणखी दूर. फोन लागला नाही तर वाटेतला भंडारा हाच तुमचा निरोप्या. मालेगावच्या पुढे देवळा-कळवणच्या वाटेपर्यंत गावोगावचे लोक वारकऱ्यांना पाणी, ताक, नाश्ता देत बसलेले असतात. तिथे सांगून ठेवलेला निरोप आपल्या मागच्यांना मिळतो आणि शेजारच्या गावच्या दिंडीलाही. ती माणसं आपल्या ओळखीची नाहीत म्हणून त्यांना सांगायचं नाही, असं गडाच्या वाटेवर तरी कोणी करू नये.

प्रश्न : रावेर-यावलकडे पावसाळ्यात आम्ही मित्र तीन-चार मोटरसायकलींवर फिरतो. पुढच्याने फरशी पूल ओलांडला आणि पाणी वाढलं, तर मागच्यांना अडवायला त्याने परत यावं की नाही? – एक वाचक, फैजपूर

उत्तर : यायचं नाही. कोणत्याच कारणासाठी नाही. ज्या पाण्यातून तो पाच मिनिटांपूर्वी आला ते पाणी आता तिथे नाही. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर, अनेर या नद्यांना उतार मोठा आहे. तुमच्या डोक्यावर आभाळ मोकळं असतं आणि वर डोंगरात पडलेला पाऊस फरशीवर येऊन पोहोचतो. पाण्याला तांबूस गढूळ रंग आला, काटक्या-पाचोळ्याचे पुंजके वाहून यायला लागले, आवाज बदलला, की पाणी चढतंय.

खात्री करायची सोपी रीत आहे. पाण्याच्या अगदी काठाला नारळाएवढा दगड ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. दगडाचा बूड ओला झाला, तर पाणी वाढतंय. दगड आणि पाणी यांच्यामध्ये ओल्या वाळूची पट्टी उघडी पडली, तर ओसरतंय. ओसरायला लागलं तरी फरशीच्या कडेचे दगडी खुंट दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसेपर्यंत गाडी घालू नका. पाण्याखाली फरशीचा एखादा तुकडा वाहून गेलेला असतो आणि वरून काहीच कळत नाही.

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की जोर चौपट. म्हणून घोट्याच्या थोडं वर, साधारण १५ सेंटिमीटर जोरात वाहणारं पाणीही माणसाचा पाय उचलू शकतं, ३० सेंटिमीटरमध्ये छोटी कार तरंगायला लागते आणि ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या ओढून नेतं. मोटरसायकलला तर दोनच चाकांचा आधार, आणि पाणी आडवं येतं.

पलीकडे पोहोचलेल्याने दिवा लावलेली गाडी काठावर मागच्यांच्या दिशेने उभी करावी आणि दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरावेत. या खुणेचा अर्थ निघण्याआधी ठरवून घ्या. नुसता हात हलवला तर मागचा ‘ये’ असं समजतो आणि गाडी पाण्यात घालतो. “थांबा भो!” ही आरोळी पाण्याच्या आवाजात पोहोचत नाही. मग आपल्या बाजूने रस्त्यावर बाभळीची फांदी आडवी टाका, तिला रंगीत कापड बांधा, आणि जवळच्या गावात पोलीस पाटलांना कळवा. आपल्या मागून येणारे अनोळखी लोकही याच फरशीवर येणार आहेत.

कोणी पाण्यात पडलाच, तर त्याच्यामागे उडी नाही. काठावरून दोर, एकमेकांना बांधलेले टॉवेल-साड्या, झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन किंवा ट्रॅक्टरची ट्यूब फेका. पुढे पळून तो येईल तिथल्या काठावरून फेका, त्याच्या मागून नाही. दोर स्वतःच्या कमरेला पक्का बांधू नका. अडकला तर तोच दोर तुम्हाला पाण्याखाली धरून ठेवतो.

डोंगरी नदीचं पाणी बहुधा काही तासांत उतरतं. गिरणा, तापी, पांझरा यांवर मात्र धरणं आहेत. हतनूर किंवा अक्कलपाड्याचे दरवाजे उघडले असतील तर पाऊस थांबल्यावरही पाणी चढतं. तिथे वाट बघत बसू नका, दुसरा रस्ता धरा.

प्रश्न : साठ मुलांची सहल पाटणादेवीला नेणार आहोत. आग्या मोहोळ उठलं आणि पुढची मुलं सापडली, तर त्यांनी मागच्यांकडे पळावं का? – एक शिक्षिका, भडगाव

उत्तर : मॅडम, इथे मागे येऊन सांगणं हीच मागच्यांना इजा ठरते. माशी नांगी मारते तेव्हा एक वास सुटतो, काहीसा पिकल्या केळ्यासारखा, आणि त्या वासावर बाकीच्या माशा तुटून पडतात. डंख झालेलं मूल रांगेकडे पळालं की ते पूर्ण थवाच घेऊन येतं. म्हणून सावध करायचं ते आवाजाने: शिट्टी, आणि “माशा! मागे फिरा!” एवढंच. डंख झालेल्यांनी रांगेपासून दूर, बंद खोली किंवा गाडीच्या दिशेने पळत राहावं. ओढणी किंवा सदरा तोंडावर घ्यावा. डोळे आणि श्वास आधी वाचवायचे. हात झटकायचे नाहीत, जमिनीवर पडून राहायचं नाही, पाण्यात उडी मारायची नाही. माशा वर घिरट्या घालत थांबतात.

मुलांचे वीस-वीसचे तीन गट करा, गटांत शंभर मीटरचं अंतर, प्रत्येकात दोन मोठी माणसं आणि एक शिट्टी. अत्तर, सुगंधी तेल लावून येऊ नका असं आदल्या दिवशी सांगा. कड्याला किंवा उंच झाडाला काळसर पोळं दिसलं तर पहिल्या गटाने तिथूनच सगळ्यांना वळवावं. खडा मारणारा एकही हात मोकळा सुटता कामा नये.

सुरक्षित जागी आल्यावर नांगी नखाने खरवडून काढा. कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं, कारण सुटी झालेली विषाची पिशवी विष सोडतच राहते. ओठ सुजणं, दम लागणं, चक्कर, अंगभर गांधी यांपैकी काही दिसलं तर १०८ लावा. लहान मुलाला दहा-पंधरा डंख असतील तर काही त्रास दिसत नसला तरी दवाखान्यात न्या.

प्रश्न : अपघातातल्या अनोळखी माणसाला उचललं तर पोलीस आपल्यालाच अडकवतात, म्हणून थांबू नये असं घरचे सांगतात. – एक वाचक, शिरपूर

उत्तर : २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं आहे. चांगल्या हेतूने, स्वेच्छेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. गाडी अपघाताच्या पुढे नेऊन कडेला लावा, लाल त्रिकोण मागे ५० मीटरवर ठेवा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. मगच जखमीजवळ जा.