गाठ तेरा वर्षांनी परत आली

प्रश्न : 2011 साली माझी पाळी महिना महिना थांबत नव्हती. वय तेव्हा 47. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात गाठ निघाली. गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली. रिपोर्टवर 'ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर' असं लिहिलं होतं. पाच वर्षं तपासणीला गेले, मग 'आता यायची गरज नाही' असं सांगितलं. यंदा दिवाळीनंतर ओटीपोट जड वाटायला लागलं. सीटी स्कॅनमध्ये दोन गाठी दिसल्या, मोठी सहा सेंटिमीटरची. पुन्हा ऑपरेशन सांगितलंय. मुलगा म्हणतो, या वयात चिरफाड नको, केमो घेऊ. जाऊबाई म्हणतात, पहिल्यांदा मुळासकट काढलीच नसणार. अंडाशयच नाही, मग गाठ आली कुठून? माझ्या मुलीलाही होईल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, जाऊबाईंचं बोलणं आधी मनातून काढा. इतक्या वर्षांनी गाठ आली, एवढ्यावरून पहिलं ऑपरेशन अर्धवट झालं असं म्हणता येत नाही. ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर म्हणजे अंडाशयातल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर. या गाठीच्या काही पेशी ऑपरेशनआधीच सुटून पोटाच्या आतल्या अस्तरावर बसलेल्या असू शकतात. मोहरीचा दाणा त्यांच्यापुढे डोंगर. सर्जनच्या डोळ्यांना त्या दिसतच नाहीत. आणि त्या वाढतात फार सावकाश. अंडाशय गेलं तरी त्याच्या पेशी अशा मागे राहतात. वीस, क्वचित तीस वर्षांनीही ही गाठ परतल्याच्या नोंदी आहेत.

पाच वर्षांनी तुम्हाला 'येऊ नका' म्हटलं, ते मात्र मला सलतं. पाच वर्षांचा हिशेब इतर कॅन्सरचा. या गाठीला तो लावायचा नसतो, तपासणी जन्मभर ठेवायची.

आता ऑपरेशनचं. मुलाची काळजी मला कळते, पण इथे सहसा शस्त्रक्रियाच पहिली. केमोचा मारा भराभर वाढणाऱ्या पेशींवर चांगला बसतो, ही गाठ तर संथ. डोळ्यांना दिसणारी प्रत्येक गाठ काढता आली, तर पुढची अनेक वर्षं चांगली जाऊ शकतात. गाठी आतड्याला चिकटलेल्या असू शकतात, म्हणून हे काम स्त्रियांच्या कॅन्सरच्या सर्जनकडूनच करून घ्या. सगळं निघालं नाही, तर केमो किंवा लेट्रोझोलसारख्या, इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी करणाऱ्या गोळ्यांचा विचार नंतर होतो. खर्चाची धास्ती असेल तर रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांना भेटा.

मुलीची चिंता करू नका. या गाठीच्या बहुतेक सगळ्या रुग्णांमध्ये फॉक्सएल2 नावाच्या जनुकात एकच ठरावीक बिघाड सापडतो, हे 2009 मध्ये कळलं. तो बिघाड गाठीच्या पेशींत नंतर झालेला असतो, आईकडून लेकीकडे जात नाही.

एक काम आजच करा. जुनी फाईल शोधा. जतहून आलेल्या एका आजींनी 19 वर्षांपूर्वीचा रिपोर्ट देवघरातल्या तसबिरीमागे जपला होता. घडीवर फाटलेला, कोपऱ्याला हळदीचा डाग. पण 'ऑपरेशनच्या वेळी गाठ फुटली' ही त्यातली एक ओळ आम्हाला पुरली. अशी गाठ फुटली असेल, तर परतण्याची शक्यता वाढते. तुमच्या कागदातही ती ओळ बघा. जिथे तपासणी झाली तिथे गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, ठेवलेला आहे का तेही विचारा. पॅथॉलॉजिस्टला जुनं आणि नवं शेजारी ठेवून पाहता येतं. या पेशींच्या केंद्रकावर गव्हाच्या दाण्यासारखी मधोमध खाच असते. पुस्तकात कॉफीची बी म्हणतात, मला नेहमी गहूच आठवतो.

आणि इन्हिबिन बी ही रक्ततपासणी करायला सांगा. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी नेहमी करतात ती सीए-125 या गाठीत बऱ्याचदा नॉर्मल येते, तिच्या भरवशावर राहू नका. इन्हिबिन हे हार्मोन अंडाशयात तयार होतं. तुमची दोन्ही अंडाशयं नाहीत, म्हणजे ते रक्तात जेमतेम असायला हवं. वाढलेलं निघालं तर ते गाठीतूनच आलं असण्याची शक्यता मोठी, आणि पुढे दर तपासणीला तोच आकडा आपल्याला लवकर सावध करील. पण त्यासाठी रक्त ऑपरेशनच्या आधी द्यायला हवं. नंतर दिलं, तर ताडून बघायला पहिला आकडाच उरत नाही.